धोटा, ढकलगाडी आणि रोबोट : यंत्राने जात जाते का?

कृत्रिम बुद्धिमत्ता, रोबोट, सौरऊर्जा. जगाचे मोठे प्रश्न आता नवे तंत्रज्ञान सोडवणार, असे रोज कुठे ना कुठे ऐकायला मिळते. आपल्यातले काही शिकलेले तरुण त्याही पुढे जातात. त्यांच्या मते यंत्राला जात नसते, म्हणून यंत्र आले की जातही जाईल. याउलट काही कार्यकर्त्यांना प्रत्येक यंत्रात भांडवलदाराचे कारस्थानच दिसते. या दोन्ही भूमिका इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाहीत आणि बाबासाहेबांच्या विचारातही बसत नाहीत.

बाबासाहेब यंत्राचे ठाम समर्थक होते. 1945 च्या ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी गांधीजींच्या यंत्रविरोधाची चिरफाड केली. पशूसारखे दिवसभर राबणाऱ्या माणसाला फुरसत मिळत नाही आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. ही फुरसत यंत्रच देऊ शकते, असा त्यांचा मुद्दा होता. यंत्रामुळे अनर्थ होत असेल तर दोष यंत्राचा नाही. खासगी मालकी आणि वैयक्तिक नफा यांना पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा तो दोष आहे, हेही त्यांनी तिथेच मांडले.

हे नुसते पुस्तकी मत नव्हते. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री असताना वीज आणि पाटबंधारे ही खाती त्यांच्याकडे होती. 1943 च्या महापुरानंतर दामोदर खोऱ्याची बहुउद्देशीय योजना त्यांच्या खात्याने पुढे नेली. 1944 मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि 1945 मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग उभा राहिला. स्वस्त आणि मुबलक वीज हवी, कारण तिच्याशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय गरिबीच्या फेऱ्यातून सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. त्या काळी वीज हेच नवे तंत्रज्ञान होते. बाबासाहेबांनी तिचे स्वागत केले, पण मालकी आणि नियोजन शासनाकडे असावे हा आग्रह सोडला नाही.

हा आग्रह कशातून आला, हे मुंबईच्या गिरण्यांकडे पाहिले की कळते. गिरणी हा त्या काळातला सर्वांत आधुनिक कारखाना. वाफ, वीज, भोंगा, घड्याळ, सगळे विलायती. तरीही आपल्या माणसांना प्रवेश होता तो कमी पगाराच्या खात्यांत. जास्त मजुरी मिळणाऱ्या साचेखात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. कारण काय? कांडीवरचे सूत संपले की विणकर नवी कांडी धोट्यात बसवायचा आणि धोट्याच्या भोकातून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यायचा. अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धोट्याला आपले तोंड कसे लावायचे, असा सवर्ण कामगारांचा सवाल होता.

आता गंमत पाहा. धोट्याला तोंड लावण्याची ही पद्धत रोग पसरवणारी म्हणून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने 1911 मध्येच कायद्याने बंद केली होती. हाताने किंवा आपोआप सूत ओवले जाईल असे धोटे जगाच्या बाजारात आलेले होते. म्हणजे विटाळाची सबब पुसून टाकणारे यंत्र अस्तित्वात होते. पण ते यंत्र आणून हा अन्याय संपवावा, असे ना मालकांना वाटले ना कामगारांच्या पुढाऱ्यांना. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी बजावले की, सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क मागण्यांत घ्या, नाहीतर आमची माणसे संपात राहणार नाहीत. तेव्हा कुठे पुढाऱ्यांनी नाइलाजाने होकार दिला. त्यावर मालकांनी त्यांनाच ऐकवले की, हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही!

1936 मध्ये ‘जातिसंहार’च्या भाषणात बाबासाहेबांनी जातीला श्रमांच्या विभागणीबरोबरच श्रमिकांची विभागणी म्हटले. साचेखाते हा त्याचा डोळ्यांसमोरचा पुरावा होता.

सफाईचा इतिहास याहून कठोर आहे. 1858 च्या उन्हाळ्यात टेम्स नदीच्या दुर्गंधीने लंडन हैराण झाले. संसदेचे कामकाज चालणे मुश्किल झाले, तेव्हा अभियंता जोसेफ बॅझलजेट यांच्या आराखड्याने शहराखाली भुयारी गटारांचे जाळे बांधले गेले. दुर्गंधी राज्यकर्त्यांच्या नाकापर्यंत पोहोचली आणि तंत्रज्ञानाला पैसा मिळाला. आपल्याकडे तसे घडण्याची निकड कुणाला वाटली नाही, कारण मैला उचलायला एक जात बांधलेली होती.

स्वातंत्र्यानंतर समित्या झाल्या. 1949 मध्ये मुंबई सरकारने बर्वे समिती नेमली, 1957 मध्ये केंद्राने मलकानी समिती नेमली. डोक्यावरून मैला वाहणे थांबावे म्हणून ढकलगाड्यांसाठी अनुदान देण्यात आले. त्रास थोडा कमी झाला हे खरे. पण डोक्यावरची पाटी गाडीत गेली, गाडी ढकलणारी जात तीच राहिली. समितीने अवजार बदलले, काम कुणी करायचे हा प्रश्न जागचा हलला नाही.

पुढे 1993 चा कायदा आला. 2013 चा नवा कायदा लागू झाला तो 6 डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी. गटार आणि सेप्टिक टँकमध्ये संरक्षणाशिवाय माणूस उतरवणे हा त्यात गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये मृतांच्या वारसांना 10 लाख रुपये भरपाई ठरवली, 2023 मध्ये ती 30 लाख केली. दरम्यान 2018 मध्ये केरळच्या तरुण अभियंत्यांनी ‘बँडिकूट’ हा रोबोट तिरुवनंतपुरममध्ये आणला. तो मॅनहोलमध्ये उतरतो, यांत्रिक हातांनी गाळ उचलतो, आणि माणूस वर उभा राहून पडद्यावर पाहत त्याला चालवतो.

तरीही माणसे मरतात. गटारातला हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त प्रमाणात असला की वास घेण्याची शक्तीच मारतो. धोका कळण्याआधी माणूस कोसळतो आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. हे सगळे माहीत असताना यंत्र का येत नाही? मोठी गाडी अरुंद गल्लीत शिरत नाही, ही एक खरी अडचण आहे. पण मुख्य कारण असे की, रोजंदारीवर उतरणारा माणूस यंत्रापेक्षा स्वस्त पडतो. तो स्वस्त आहे, कारण जातीने त्याच्यासमोरचे दुसरे दरवाजे बंद ठेवले आहेत.

म्हणून यंत्राची मागणी सोडायची नाही, ती अधिक नेमकी करायची. आपल्या नगरपरिषदेकडे सफाईची किती यंत्रे आहेत, त्यांतली किती चालू आहेत, आणि कंत्राटात माणूस न उतरवण्याची अट आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. यंत्र आल्यावर ते कुणाच्या मालकीचे, हेही विचारा. 2019 मध्ये दिल्लीत सफाईच्या 200 यंत्रगाड्या कंत्राटावर देताना मैला सफाईत गुंतलेल्या आणि गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना प्राधान्य दिले गेले. हे पाऊल मालकीच्या दिशेने आहे, म्हणून महत्त्वाचे. पण आपला मुलगा यंत्राचा मालक झाला तरी त्याला गटारातच का राहावे लागावे? त्याच्या मुलीला तो रोबोट घडवणाऱ्या महाविद्यालयात जागा आणि शिष्यवृत्ती मिळाली पाहिजे. आणि पगार, पेन्शन चांगले झाल्यावर सफाईच्या यंत्रावर बसायला इतर जातींची मुले रांगेत आली पाहिजेत. ती येतील तेव्हा समजू की यंत्राने जातीला खरोखर धक्का दिला.

धोट्याला पर्याय जगात होता, पण मागणीच्या यादीत अस्पृश्यांचा हक्क बाबासाहेबांना भांडून घालावा लागला. रोबोटही आज आहे. त्यासाठी भांडण्याचे काम आपले आहे.

जय भीम!