सफाळे

सफाळे : महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील, पालघर तालुक्यातील गाव, बाजारपेठ व पश्चिम रेल्वेवरील स्थानक. चर्चगेटपासून लोहमार्गाने सु. ७७ किमी. वैतरणा आणि केळवे रोड या स्थानकांच्या मध्ये ते येते. पूर्वेला तांदुळवाडीचा डोंगर, दक्षिणेला वैतरणेची खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र अशा तिहेरी कुंपणात हा मुलूख वसला आहे. एडवण, कोरे, दातिवरे, मथाणे, उसरणी, आगरवाडी, विराथन, जलसार, तांदुळवाडी ही सगळी गावे सफाळ्याच्या बाजाराशी बांधलेली आहेत. दातिवऱ्याच्या माणसाला दादरला कोणी गाव विचारले, तर तो आधी सफाळेच सांगतो. म्हणून ही नोंदही एका गावापुरती ठेवलेली नाही.

वस्ती अनेक जातीजमातींची आहे. किनाऱ्यालगतच्या वाड्यांत सोमवंशी क्षत्रिय म्हणजे वाडवळ, तसेच भंडारी. समुद्राकाठी मांगेला आणि कोळी. खाडीच्या अंगाला आगरी आणि वैती. डोंगराच्या कुशीत वारली, मल्हार कोळी, कातकरी. वाडवळी आणि मांगेली या बोली अजून घराघरांत बोलल्या जातात. या किनारपट्टीवरील कुळांच्या आगमनाच्या कथा माहिमची बखर ऊर्फ महिकावतीच्या बखरीत आहेत. ही बखर वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली संपादून प्रसिद्ध केली.

या मुलखाचा इतिहास राजवटींपेक्षा जमिनीच्या मालकीवरून अधिक नीट उलगडतो. वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात होती तेव्हा केळवे-माहीमपासून खाडीपर्यंतची गावे पोर्तुगीज सरदारांना आणि धर्मसंस्थांना ठरावीक वार्षिक भरण्याच्या बोलीवर दिली जात. सरदार राही वसईच्या कोटात, भात पिके इथे. किनाऱ्यावर केळवे, माहीम, एडवण, दातिवरे अशा ठिकाणी उभे असलेले छोटे कोट आणि टेहळणीचे बुरूज त्याच काळाची खूण आहेत. १७३७ मध्ये मराठ्यांनी खाडीच्या तोंडावरचे अर्नाळा बेट घेतले. १७३९ च्या आरंभी माहीम, केळवे, तारापूर ही ठाणी पडली आणि त्याच वर्षी मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. मालक बदलले, पण दूर राहून गाव खाण्याची रीत मोडली नाही. तारापूरचा किल्ला पुढे विकाजी मेहेरजी या पारशी व्यापाऱ्याच्या घराण्याकडे इनाम म्हणून गेला. किनाऱ्यावरचा किल्ला खासगी मालमत्ता होऊ शकतो, हे इथल्या लोकांनी तेव्हाच पाहिले.

१८६४ साली बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे मुंबईपर्यंत पोहोचली आणि जंगल व गवत यांना बाजार मिळाला. मुंबईच्या तबेल्यांना गवत लागे, ते या पट्ट्यातून गाडीत भरून जाई. या व्यापारावर सावकार, जंगल ठेकेदार आणि गवताचे व्यापारी मोठे झाले. खावटी म्हणून पावसाळ्यात दिलेले धान्य दीडपटीने, दुपटीने परत घेतले जाई आणि त्यात आदिवासीची जमीन जाई. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराकडे राबायचे, या प्रथेला ‘लग्नगडी’ म्हणत. वेठ तर सगळ्यांनाच होती. १९४५ मध्ये उंबरगाव तालुक्यातील झरी येथे किसान सभेच्या मेळाव्यात वारल्यांनी वेठ नाकारली. त्या वर्षीच्या गवतकापणीच्या संपात पाचशे रत्तल गवताला अडीच रुपये ही मागणी होती. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह माणसे मेली. लढ्याचे केंद्र तलासरी, डहाणू, उंबरगाव या भागात होते, तरी त्याची धग दक्षिणेकडे पालघरपर्यंत आली. या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्याची हकीगत लिहिली आहे.

१९४८ च्या कूळ कायद्याने आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाने कसणाऱ्याला जमीन मिळण्याची वाट कायद्याने मोकळी केली. ज्याचे नाव पीकपाहणीत लागले होते त्याला ती मिळाली. ज्याचे लागलेच नव्हते, तो तसाच राहिला. १९७४ साली आदिवासींच्या जमिनींसंबंधी दोन महत्त्वाच्या गोष्टी झाल्या : जमीन महसूल संहितेत कलम ३६ अ आले, आणि बेकायदा गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदा झाला. तेव्हापासून आदिवासीची जमीन सरकारी परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही. पालघर तालुक्यातील बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात आणि तेथे पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिलेले आहेत. या तरतुदी नसत्या तर तांदुळवाडीच्या पायथ्याचा एकही पाडा आज जाग्यावर राहिला नसता, असे या नोंदीच्या लेखकाला वाटते.

जमीन बाहेरच्या मालकाकडे जाणे ही केवळ इथली गोष्ट नाही. धनिकांनी गाव विकत घेण्याची टोकाची गोष्ट लानाई या हवाईतील बेटावर घडली. १९२२ मध्ये जेम्स डोल याने अननसाच्या मळ्यासाठी ते घेतले आणि २०१२ मध्ये लॅरी एलिसन या उद्योगपतीने त्याची सु. ९८ टक्के जमीन विकत घेतली. तीन हजारांच्या आसपास वस्तीचे घर, दुकान, नोकरी हे बरेचसे एकाच मालकाच्या हाताखाली आले. सफाळ्यात असा एक मालक नाही. इथे मालकी गुंठ्यागुंठ्याने बदलते, म्हणून ती डोळ्यांत भरत नाही. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी लोकल विरारच्या पुढे डहाणूपर्यंत धावू लागली आणि स्थानकाबाहेर एन. ए. प्लॉट, फार्महाऊस, सेकंड होम यांच्या पाट्या वाढल्या. शेतजमीन घ्यायला शेतकरी असावे लागते, म्हणून दाखल्यांची शोधाशोध होते. वाडीच्या सातबाऱ्यावर सात-आठ वारसांची नावे असतात, त्यांतले चौघे मुंबईत असतात आणि एकाला पैशांची निकड असते. वाडी जाते ती अशी. नवा मालक भिंत घालतो. त्या भिंतीमुळे मागच्या पाड्यातल्या बायकांची विहिरीकडे जाणारी पायवाट बंद होते, आणि ती पायवाट कोणत्याच नकाशावर नसल्याने तक्रार कोणाकडे करायची हे कळत नाही.

अर्थजीवनात भात, भाजीपाला, मिठागरे, मासेमारी आणि बागायत यांचा वाटा आहे. किनाऱ्याच्या वाड्यांतील नागवेल ही खास सांगण्यासारखी. केळवे-माहीमपासून एडवण-मथाण्यापर्यंत पानवेलीचे मळे आहेत. मळ्यात शिरले की उन्हाळ्यातही अंगाला गारवा लागतो. वेल आधाराला गुंडाळलेला, पायाखाली पाटाची ओल, आणि खुडणारी बाई अंगठ्याला पत्र्याचे नख लावून देठाशी पान तोडते, दुसऱ्या हातात पानावर पान बसवते. पाने मोजून कवळ्या बांधतात, ओल्या केळीच्या पानात गुंडाळून करंड्यांत भरतात. हे पान रेल्वेने उत्तरेकडच्या बाजारांत जात आले आहे. वेल नाजूक असतो. मचूळ पाणी मिळाले की तो पिवळा पडतो, आणि समुद्राकाठच्या विहिरींतून उपसा वाढला की गोड्या पाण्याखालचे खारे पाणी वर येते. पर्यटकांसाठीचा पोहण्याचा तलाव आणि शेजारच्या पानमळ्याची विहीर जमिनीखालचे एकच पाणी पितात, हे बांधकामाला परवानगी देताना लक्षात घ्यायला हवे.

सफाळ्याच्या भाजीवाल्या बायका ही या मुलखाची खरी ओळख. पहाटेच्या गाडीच्या लगेज डब्यात वांगी, गवार, मोगऱ्याच्या पुड्या, ताडगोळे यांच्या पाट्या चढतात आणि बोरिवली, दादरच्या पदपथांवर उतरतात. पावसाच्या तोंडावर आदिवासी बायका शेवळे, कोरल, टाकळा, करटोली घेऊन येतात. शेवळ्यांचा मोसम थोडक्या दिवसांचा असतो. जुडीसोबत खाज मोडायला काकडे ठेवलेले असतात, आणि ती कशी रांधायची हे नव्या गिऱ्हाइकाला बाई उभ्याउभ्या समजावून सांगते.

पर्यटन मुख्यतः केळव्याभोवती आहे. सुरूच्या बनामागचा लांब किनारा, शीतलादेवीचे मंदिर (त्याचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केल्याचे परंपरा सांगते), खाडीच्या मुखाशी पाण्यातला पाणकोट आणि सुरूच्या बनातला भुईकोट ही तेथील प्रेक्षणीय स्थळे होत. एडवण येथील आशापुरी देवीचे स्थान भाविकांत प्रसिद्ध आहे. तांदुळवाडीच्या किल्ल्यावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत आणि माथ्यावरून वैतरणेची वळणे थेट खाडीपर्यंत दिसतात. पावसाळ्यात तेथे गिर्यारोहकांची गर्दी असते. केळव्यातील अनेक कुटुंबांनी राहत्या घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या आहेत. तांदळाची भाकरी, सुरमई-पापलेट, हिवाळ्यात वाडवळी उकडहंडी असे जेवण घरचीच माणसे रांधतात. हे पर्यटन गावाच्या हातात पैसा ठेवते. भिंतीआडचे मोठे रिसॉर्ट गावाला बहुतेक वेळा माळी, सफाईवाली आणि रखवालदार एवढ्याच नोकऱ्या देते. दोन्हींना पर्यटन हा एकच शब्द वापरून योजना आखल्या जातात, ही चूक आहे. ओहोटीच्या ओढीत पर्यटक बुडण्याच्या घटना केळव्याला वारंवार घडल्या आहेत. अशा वेळी पाण्यात पहिल्यांदा उतरतात ती किनाऱ्यावरचीच पोरे.

वैतरणेच्या पात्रात, वैतरणा व सफाळे स्थानकांच्या मध्ये, वाढीव हे बेट आहे. वाढीव आणि वैतीपाडा या तेथील वस्त्या. रुळांखालचे ९२ आणि ९३ क्रमांकांचे रेल्वेपूल हाच बेटावरच्या लोकांचा वर्षानुवर्षांचा रस्ता. रुळांच्या कडेच्या अरुंद पट्टीवरून शाळकरी मुले, डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका, कधी खुर्चीत बसवून उचललेला आजारी माणूस जातो. गाडी आली की कठड्याला पाठ लावून उभे राहायचे, डबे संपेपर्यंत पदर दातात धरायचा. कित्येकांचे जीव या पुलांवर गेले आहेत. त्यातच गाडीतले प्रवासी वैतरणेला नमस्कार करून नारळ आणि निर्माल्याच्या पिशव्या खिडकीतून भिरकावतात. त्या नारळांनी पुलावरून चालणारी माणसे जखमी झाली आहेत. पुराणांनी गायिलेल्या नदीला वाहिलेला नारळ खाली चालणाऱ्याच्या डोक्यात बसू नये, इतके तर प्रत्येक प्रवाशाच्या हाती आहे. पात्रातील सक्शन पंपांच्या रेती उपशाने बेटाचे काठ ढासळतात, उधाणाचे पाणी शेतात शिरते आणि पुलांच्या पायांनाही त्यापासून धोका आहे. धनिकांना हे बेट अजून हवेसे वाटलेले नाही, कारण तेथे मोटार जात नाही.

दळणवळणाची साधने वेगाने बदलत आहेत. रस्त्याने मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील वरई फाट्यावरून तांदुळवाडीच्या घाटाने सफाळ्यास येता येते. समर्पित मालवाहू लोहमार्ग सफाळ्यावरून जातो व त्यावर न्यू सफाळे हे स्थानक आहे. जिल्ह्याच्या उत्तर भागात वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली, त्यानंतर जमिनीकडे पाहणाऱ्यांची वर्दळ आणखी वाढली. एप्रिल २०२५ मध्ये विरारजवळील नारंगी ते जलसारजवळील खारवाडेश्री अशी रो-रो बोट सुरू झाली. रस्त्याने सु. ६० किमी.चा वळसा पडत असे, तो पाण्यावरून दीड किमी.वर आला. सकाळच्या फेरीला जलसारकडून भाजीच्या पाट्या आणि दुचाकीवरचे नोकरदार चढतात. शनिवारी समोरून येणाऱ्या बोटीतून मोटारी उतरतात आणि केळव्याच्या, एडवणच्या दिशेने निघतात.