पाण्याचा हक्क आणि पाण्याविषयीचे ज्ञान : विनयपिटक ते चवदार तळे

२० मार्च १९२७ या दिवसाचे स्मरण आपण दरवर्षी करतो. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या दिवशी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. परंतु त्या ओंजळीच्या मागे कागदाचाही एक इतिहास आहे आणि त्याचे स्मरण मात्र क्वचितच होते. सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे सत्याग्रहाच्या तीन वर्षे आधीच तळे मुक्त झाले होते. पण ते दप्तरात, काठावर नव्हे.

या तीन वर्षांचा अर्थ काय, हा आमच्यापुढील प्रश्न आहे. पाणी ही एक गोष्ट आहे आणि पाण्याविषयीचे ज्ञान ही दुसरी गोष्ट आहे. पाणवठा कोणाचा, त्यावर अधिकार कोणाचा, पाणी पिण्यास योग्य की अयोग्य, हे ज्ञान मूठभरांच्या हाती राहिले तर पाण्यावरील हक्कही त्यांच्याच हाती राहतो. हा विचार आपल्या परंपरेला नवीन नाही. त्याची मुळे थेट विनयपिटकात सापडतात.

जलगाळणीची कथा

भिक्षूच्या आठ परिष्कारांत पात्र आणि चीवरांबरोबर पाणी गाळण्याच्या गाळणीला स्थान आहे. चुल्लवग्गात तिच्याविषयी एक प्रसंग येतो. दोन भिक्षू कोसल देशात प्रवास करीत होते. एकाचे वर्तन अयोग्य होते, म्हणून दुसऱ्याने त्याला समज दिली. त्याचा राग मनात धरून पहिल्याने, सोबत्याने मागितली असताही, आपली गाळणी दिली नाही. गाळल्याविना पाणी न पिणारा तो भिक्षू तहानेने मृत्यू पावला. ही वार्ता कळल्यावर भगवंतांनी नियम घातला की, प्रवासात असलेल्या भिक्षूने गाळणी मागितल्यास ती नाकारता कामा नये.

या कथेचे मर्म सूक्ष्म आहे. त्या भिक्षूला कोणी पाण्यापासून हाकलले नव्हते. शुद्ध पाणी मिळविण्याचे साधन तेवढे त्याला नाकारले गेले आणि तेवढ्याने त्याचे प्राण गेले. साधन नाकारणे हा पाणी नाकारण्याचाच एक प्रकार आहे, हे विनयाने ओळखले.

शौचकूपाविषयीचे नियमही असेच मननीय आहेत. संघात इतरत्र ज्येष्ठतेचा मान राखला जाई. तो मान शौचकूपाशीही पाळला गेल्यामुळे नवदीक्षित भिक्षूंना ताटकळत राहून असह्य त्रास होऊ लागला. तेव्हा भगवंतांनी सांगितले की, येथे ज्येष्ठतेने नव्हे, आगमनाच्या क्रमाने जावे. देहधर्मापुढे उच्चनीचता टिकत नाही, हे तत्त्व संघाच्या दैनंदिन आचारात असे उतरले. आणि ज्या सुनीताला समाजाने केरकचरा उचलण्यास लावले होते, त्याला त्याच संघात थेरपद लाभले, याची साक्ष थेरगाथा देते.

शिळेवरील माहिती

सम्राट अशोकाने मार्गांवर विहिरी खोदविल्या, वृक्ष लाविले. आमच्या मते याहून महत्त्वाची गोष्ट ही की, त्याने हे लोकांच्या भाषेत शिळांवर कोरून जाहीर केले. धौली व जौगड येथील लेखांत तर असा आदेश आहे की, हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवावा आणि अधूनमधून एकट्यादुकट्यालाही ऐकवावा. राजाज्ञा दप्तरात ठेवायची नसून ऐकवायची असते, हा त्याचा अर्थ. सोपाऱ्यासही त्याच्या लेखांचे अवशेष मिळाले आहेत. म्हणजे ही रीत आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती.

पुढे कान्हेरीच्या डोंगरात लेण्यालेण्यापाशी पाण्याची टाकी खोदली गेली. त्यांना लेखांत ‘पोढी’ म्हटले आहे. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने संघाला दिलेल्या पाणपोढीचा लेख तेथे आहे. टाके कोणी दिले व कोणासाठी दिले, हे त्याच खडकावर कोरलेले. पाणी आणि पाण्याची माहिती येथे एकाच ठिकाणी नांदत होती.

महाडचा धडा

जातिव्यवस्थेने हे दोन्ही तोडले. महाडच्या परिषदेत अनंतराव चित्रे यांच्या सूचनेवरून सारे प्रतिनिधी तळ्याकडे निघाले, तेव्हा दप्तरातील ठराव प्रथमच रस्त्यावर आला. त्याचा प्रतिकार कशाने झाला? अफवेने. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी खोटी वार्ता गावात पसरविण्यात आली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ला झाला. खऱ्या माहितीच्या जागी खोटी माहिती ठेवणे हे दडपशाहीचे जुने शस्त्र आहे. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. बोले ठरावानंतर बरोबर चार वर्षांनी!

त्यानंतरचा लढा कागदांचा होता. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादी आहे, असा सवर्ण वादींचा दावा होता. बाबासाहेबांनी तो दहा वर्षे लढविला. तळे सरकारी मालकीचे व नगरपालिकेकडे निहित आहे आणि कथित अनादी रूढी पुराव्याने सिद्ध होत नाही, या निष्कर्षावर वादींचे अपील मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी फेटाळले. ज्या दप्तराच्या आधारे आपल्याला वगळले जात होते, तेच दप्तर वाचून बाबासाहेबांनी हक्क सिद्ध केला. ‘शिका’ या आदेशाचा हाही एक अर्थ आहे. पुढे राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख आला, त्यामागे महाडचा अनुभव उभा आहे.

आजची गाळणी

आज काठावर पहारा नसेल, पण दप्तर अजूनही बंद असू शकते. फ्लोराइड व नायट्रेट डोळ्यांना दिसत नाहीत, चवीवरून कळतही नाहीत. ते तपासणीच्या अहवालातच दिसतात. महाराष्ट्रात पाणवठ्यांच्या स्वच्छता सर्वेक्षणावरून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे व हिरवे कार्ड देण्याची पद्धत आहे. आपल्या गावाचे कार्ड कोणते, हे वस्तीतील किती जणांना ठाऊक आहे?

माहितीचा कायदा महाराष्ट्राने २००२ साली केला. केंद्राचा २००५ साली आला. केंद्रीय कायद्याच्या ४ थ्या कलमाने शासनसंस्थांनी आपली माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावयाची आहे. त्या कायद्यातील हक्कात कामाची पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे यांचाही समावेश आहे. अर्जावर तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते आणि दारिद्र्यरेषेखालील नागरिकाला शुल्क नाही. स्वच्छतेच्या बाबतीतही असेच आहे. हाताने मैला साफ करण्यास मनाई करणाऱ्या २०१३ च्या कायद्याने अस्वच्छ शौचालयांचे सर्वेक्षण करून त्यांची यादी प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकले आहे. गटारांत मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांचा १९९३ पासून शोध घेऊन त्यांना प्रत्येकी दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी फर्माविले. नव्या मृत्यूंसाठी ही रक्कम २०२३ साली तीस लाख झाली. यादीत नाव नसेल तर ही भरपाई मिळणार कशी? मेलेल्याची नोंद न करणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा मारणे होय.

पाण्याची माहिती ही आजची जलगाळणी आहे. ती मागितली असता नाकारणे हा विनयाच्या दृष्टीने दोष आहे. पण न मागणे हाही आपला प्रमाद आहे, हे महाडची ती तीन वर्षे सांगतात. म्हणून आमची विहारांना नम्र सूचना आहे. दर पौर्णिमेला वंदनेनंतर आपल्या वस्तीच्या पाण्याचा तपासणी अहवाल उपासक-उपासिकांना मोठ्याने वाचून दाखवावा. अहवाल नसेल तर तेथेच अर्ज लिहावा. अशोकाचा लेख तिष्य नक्षत्रावर वाचला जाई. आपला लेख पौर्णिमेला वाचला जावो.