विल्यम, विजय आणि आमच्या नातीचे बारसे

२०२५ साली आमच्या घरी नावांवरून दोनदा चर्चा झाली. पहिली फेब्रुवारीत. फोर्ट विल्यमचे नाव बदलून ‘विजय दुर्ग’ केल्याची बातमी त्या महिन्यात वर्तमानपत्रांत आली. निर्णय आदल्या डिसेंबरातला होता. किल्ल्याचा दक्षिण दरवाजा, म्हणजे पूर्वीचे सेंट जॉर्जेस गेट, आता शिवाजी गेट झाले आणि किचनर हाउसचे माणेकशॉ हाउस झाले. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आमच्या कचेरीतले बंगाली सहकारी (सगळे त्यांना दादाच म्हणतात) डबा उघडत म्हणाले, “घ्या, शेवटी बर्गी किल्ल्यात शिरलेच!” १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांना अडवायला इथल्या लोकांनी खंदक खणला, तो मराठा डिच बंगाली माणूस अजून विसरलेला नाही. आपणही हसून घ्यावे.

दुसरी चर्चा पावसाळ्यात. मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त जर्मनीत असतात. त्यांना मुलगी झाली. नाव असे हवे होते की इथे आजीला गोड वाटावे आणि तिथल्या बालवाडीच्या बाईंना उच्चारता यावे. फोनवर मुलगी म्हणाली, “बाबा, शेजारच्या पाळण्यांत माटिल्डा आहे, फ्रीडा आहे, लुडविग आहे. या नावांना आपल्यासारखा अर्थ असतो का, की नुसत्याच हाका?”

मला ठाऊक नव्हते. मी वाचायला बसलो, आणि वाचता वाचता पुन्हा आपल्या किल्ल्यापाशीच येऊन पोचलो. म्हणून हा लेख.

जुनी जर्मन नावे बहुधा दोन शब्द सांधून केलेली असतात. आपल्या देवदत्त, रणजित, जयसेन यांसारखीच. ‘फ्रीडरिश’मध्ये पहिला तुकडा शांततेचा, दुसरा राज्यकर्त्याचा. ‘हाइनरिश’ म्हणजे घराचा धनी. इंग्रजांचा हेन्री तो हाच. ‘लुडविग’ म्हणजे नावाजलेला आणि युद्ध. ‘झीगफ्रीड’ म्हणजे विजय आणि शांती. मुलींची नावे काही कोवळी असत असे समजू नये. गेर्ट्रूडमध्ये भाला आहे, माटिल्डामध्ये बळ आणि लढाई आहे, आणि हेडविगमध्ये तर दोन्ही तुकड्यांचा अर्थ लढाईच! आमच्या सौभाग्यवतींनी हे ऐकून विचारले, “बाळाला हाक मारायची की युद्धावर पाठवायचे?”

पण या दोन तुकड्यांचे मिळून एक वाक्य करायचे नसते, हे नंतर समजले. पुष्कळदा एक तुकडा वडिलांकडचा आणि दुसरा आईकडचा घेऊन बाळाचे नाव जुळवीत. इंग्लंडातही हीच रीत होती. अकराव्या शतकातले वुस्टरचे बिशप वुल्फस्टन यांच्या वडिलांचे नाव एथेलस्टन आणि आईचे वुल्फगिफू. आईचा लांडगा आणि वडिलांचा दगड मिळून मुलगा झाला. अर्थ लागला तर लागला. गोत कळले म्हणजे झाले. पुढे बाराव्या-तेराव्या शतकापासून तिकडे संतांची नावे ठेवण्याची चाल वाढली आणि योहानेस, पेटर, मार्गारेटे यांनी जुन्या लढवय्यांना मागे सारले.

घरातली हाक तिथेही वेगळीच. फ्रीडरिशचा फ्रिट्झ, हाइनरिशचा हाइन्झ, योहानेसचा हान्स, मार्गारेटेची ग्रेटे. विष्णूचा विसू होतो तसेच. दादांना सांगितले तर ते म्हणाले, “म्हणजे डाकनाम आणि भालोनाम!” अगदी तेच. फरक इतकाच की तिकडे कालांतराने डाकनामच दप्तरात चढले. हान्स हेच कायदेशीर नाव असलेले कितीतरी जण आहेत.

आता खरी गंमत. या नावांचे तुकडे आपल्या ओळखीचे आहेत. फ्रीडरिशमधला ‘फ्रीड’ ज्या मुळापासून निघाला त्याच मुळाचा आपला ‘प्रिय’; आणि ‘रिश’ हा ‘राजा’चा भाऊबंद. लुडविगमधला ‘लुड’ आणि आपला ‘श्रुत’ एकाच घरातले. महाभारतात सहदेवाच्या मुलाचे नाव श्रुतसेन आहे, ते लुडविगच्या शेजारी सहज बसावे. ‘झीग’ म्हणजे विजय, त्याचे संस्कृत नाते ‘सहस्’शी, ज्यातून आपले ‘साहस’ आले. रूडोल्फ, अडोल्फ या नावांच्या शेवटी जो लांडगा आहे तो संस्कृतातला ‘वृक’. भीमाला वृकोदर म्हणतात तो हाच वृक.

हे नाते जगापुढे ठळकपणे मांडले गेले ते कोठे, तर आपल्या याच कलकत्त्यात. फोर्ट विल्यम येथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांनी १७८४ साली एशियाटिक सोसायटी स्थापन केली. २ फेब्रुवारी १७८६ रोजी तिच्यापुढे केलेल्या भाषणात त्यांनी सांगितले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, आणि गॉथिक, म्हणजे जर्मन भाषांची ती जुनी नातलग, हिचेही मूळ बहुधा तेच. जोन्ससाहेबांची समाधी साउथ पार्क स्ट्रीटच्या दफनभूमीत आहे. पाहुणे आले की आपण त्यांना व्हिक्टोरिया दाखवतो आणि परततो. एकदा तिकडेही न्यावे.

दुसरे विल्यम तर आपल्या जास्त जवळचे. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकविणारे विल्यम केरी. हे कॉलेज नावाने किल्ल्याचे असले तरी भरत असे रायटर्स बिल्डिंगमध्ये. वैजनाथ पंडितांच्या मदतीने केरींनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० साली कोश. ही मराठी मुद्रणाची पहाट पुण्यात नव्हे, हुगळीच्या काठी उगवली, हे आपल्या मुलांना निदान एकदा तरी सांगावे.

मग या विल्यम नावाचा अर्थ काय? जर्मन रूप ‘विल्हेल्म’. ‘विल’ म्हणजे इच्छा, निर्धार. ‘हेल्म’ म्हणजे शिरस्त्राण. आपल्याकडे कामरूपचा राजा भास्करवर्मा होता, त्याच्या नावातल्या ‘वर्मन्’चा अर्थ कवच. जात तीच. हे नाव १०६६ साली नॉर्मन राजाबरोबर इंग्लंडात रुळले. पण आपल्या किल्ल्याला ज्याचे नाव १७०० साली मिळाले तो तिसरा विल्यम जन्माने इंग्रज नव्हेच. तो डच राजपुत्र, आणि त्याचे नासाउ घराणे मूळचे जर्मनीतल्या लान नदीकाठचे. म्हणजे जर्मन नाव, डच माणूस, इंग्रज गादी आणि बंगालची माती. या राजाने कलकत्ता कधी पाहिले नाही.

तो पहिला किल्ला आजच्या जनरल पोस्ट ऑफिसच्या परिसरात होता. आपण रेड रोडवरून जाताना पाहतो तो दुसरा, आणि त्याची कथा मराठी माणसाला चटका लावणारी आहे. १७५६ च्या फेब्रुवारीत रॉबर्ट क्लाइव्ह आणि अ‍ॅडमिरल चार्ल्स वॉटसन यांनी कोकणातला विजयदुर्ग तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. पेशव्यांचे सैन्य त्यात इंग्रजांच्या बाजूने होते, हे सांगताना अजून जीभ अडखळते. त्याच वर्षी जूनमध्ये सिराजउद्दौलाने फोर्ट विल्यम घेतला. तो परत मिळवायला आले तेही हेच दोघे. २ जानेवारी १७५७ रोजी किल्ला पुन्हा इंग्रजांकडे गेला. वॉटसन त्याच वर्षी इथे वारला, सेंट जॉन्स चर्चच्या आवारात त्याचे थडगे आहे. क्लाइव्हने प्लासीनंतर १७५८ मध्ये नवा किल्ला बांधायला घेतला. ज्या हातांनी विजयदुर्ग पाडाव केला त्याच हातांनी उभारलेल्या किल्ल्याला आता विजयदुर्गाचे नाव आहे. आणि रॉबर्ट या नावाचा अर्थ? कीर्तीने झळकणारा!

मला वाटते, नावाचा अर्थ आणि नावाची आठवण या दोन वेगळ्या गोष्टी. किचनरच्या ‘हर्बर्ट’ या नावात सैन्य आणि तेज आहे. अर्थ पाहिला तर सेनापतीला शोभणारे नाव. जॉर्ज हे ग्रीक नाव, अर्थ जमीन कसणारा. त्यालाही कोण नावे ठेवील? अडोल्फ म्हणजे थोर कुळीचा लांडगा. १९४५ नंतर जर्मनीत ते नाव ठेवायला आईबाप धजत नाहीत, ते अर्थामुळे नव्हे. दादांचे म्हणणे मात्र वेगळे. ते म्हणतात, कागदावर काहीही लिहा, माझ्या आईने मला ‘फोर्ट विल्यमजवळ उतर’ असेच शिकवले. मी वाद घातला नाही. विजयदुर्गालाही कोकणात घेरिया म्हणतच होते. महाराजांनी विजय संवत्सरात घेतला म्हणून त्याचे नाव विजयदुर्ग पडले, असे सांगतात.

आता नातीचे. जर्मनीत बाळाचे नाव सरकारी नोंदणी कचेरीत पसंत व्हावे लागते. भारतीय मूळ असलेल्या एका कुटुंबाला मुलीचे नाव किरण ठेवायचे होते. त्यावरून मुलगा की मुलगी कळत नाही म्हणून कचेरीने अडवले. प्रकरण थेट तिथल्या घटना न्यायालयापर्यंत गेले आणि ५ डिसेंबर २००८ रोजी निकाल किरणच्या बाजूने लागला. हे वाचून आमच्या घरी सर्वांना धीर आला.

बारसे फोनच्या पडद्यावर झाले. इथे आम्ही घुगऱ्या केल्या, तिथे त्यांनी पेढे वाटले. नाव माझ्या आईचे ठेवले. तीन अक्षरी आहे आणि नोंदणी कचेरीतल्या बाईंनी पहिल्याच झटक्यात बरोबर म्हटले म्हणे. दुसऱ्या दिवशी दादांना पेढा दिला. त्यांनी तो तोंडात टाकला, नाव दोनदा म्हणून पाहिले आणि विचारले, “हे तर भालोनाम झाले. डाकनाम काय?”

ते अजून ठरायचे आहे.