गृहवित्त कंपनीचे हिशेब व लेखापरीक्षण: ठेवीदार आणि कर्जदारांसाठी माहिती

म्हैसूरमध्ये गृहवित्त कंपनीत मुदत ठेव ठेवताना किंवा घरकर्ज घेताना आपण व्याजदर पाहता. कंपनीचे हिशेबही पाहा. बँकेतील ठेवींना ५ लाख रुपयांपर्यंत विमा असतो. गृहवित्त कंपन्यांतील ठेवींना तो नाही.

नियमन कोण करते?
९ ऑगस्ट २०१९ पासून या कंपन्यांचे नियमन रिझर्व्ह बँकेकडे आहे. देखरेख व तक्रार निवारण राष्ट्रीय आवास बँक करते.

कंपनीवरील प्रमुख बंधने
• ३१ मार्च रोजी संपणाऱ्या वर्षाच्या हिशेबांचे सनदी लेखापालांकडून लेखापरीक्षण.
• वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर ३० दिवसांत हिशेब कंपनी निबंधकाकडे दाखल करणे. कर्नाटकातील कंपन्यांसाठी हे कार्यालय बेंगळुरूत आहे.
• लाभांश देण्यापूर्वी निव्वळ नफ्याचा किमान २० टक्के भाग राखीव निधीत ठेवणे.
• ९० दिवसांपेक्षा जास्त थकलेली कर्जे अनुत्पादित म्हणून दाखवणे.
• ठेवी स्वीकारणाऱ्या कंपनीने एकाच लेखापरीक्षण संस्थेला सलग ३ वर्षांपेक्षा जास्त न ठेवणे. मालमत्ता १५,००० कोटी रुपये वा अधिक असल्यास किमान दोन संस्थांकडून संयुक्त लेखापरीक्षण.

हे का पाहावे?
दिवाण हाउसिंग फायनान्स (डीएचएफएल) या मोठ्या कंपनीचे संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये बरखास्त केले. पुढे दिवाळखोरी प्रक्रियेत अनेक ठेवीदारांना पूर्ण रक्कम परत मिळाली नाही.

आपण काय तपासावे?
१. कंपनी नोंदणीकृत आहे का आणि तिला सार्वजनिक ठेवी घेण्याची परवानगी आहे का. नोंदणी असली म्हणजे ही परवानगी असतेच असे नाही.
२. लेखापरीक्षकाने अहवालात आक्षेप नोंदवला आहे का.
३. अनुत्पादित कर्जांचे प्रमाण दरवर्षी वाढत आहे का.
४. लेखापरीक्षकाने मुदतीपूर्वी राजीनामा दिला आहे का.

वार्षिक अहवाल कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा शाखेत मागा. दाखल झालेले हिशेब कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून पाहता येतात.

कर्जदारांनी लक्षात ठेवावे
कंपनी अडचणीत आली किंवा दुसऱ्याच्या ताब्यात गेली, तरी आपले कर्ज संपत नाही. हप्ते वेळेवर भरा आणि पावत्या जपून ठेवा.

तक्रार कोठे करावी?
प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. एक महिन्यात उत्तर न मिळाल्यास किंवा समाधान न झाल्यास राष्ट्रीय आवास बँकेच्या ‘ग्रिड्स’ या ऑनलाइन प्रणालीवर तक्रार नोंदवा.