घाटमाथ्यावरचे कप्तान

लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण सव्वासहाशे मीटर उंचीवर आहे. इथून समुद्र दिसत नाही. तरी पुणे-लोणावळा लोकलमध्ये रविवारी संध्याकाळी बसलात तर पांढऱ्याशुभ्र गणवेशातली, केस बारीक कापलेली पोरं हमखास भेटतात. त्यांतली काही तळेगावजवळच्या इंदोरीची असतात, काही टाकवे खुर्दची. इंदोरीला 1998 साली तोलानी मेरिटाइम इन्स्टिट्यूट सुरू झाली, टाकव्याजवळ समुंद्र इन्स्टिट्यूट आहे. लोणावळ्यातलं आयएनएस शिवाजी या दोघींपेक्षा बरंच जुनं, फेब्रुवारी 1945 चं. पण ते नौदलाचं, तिथे इंजिनं शिकवतात. इंदोरी आणि टाकव्यातून बाहेर पडणारी पोरं मालवाहू जहाजांवर जातात, आणि सगळ्या परीक्षा पार पडल्या तर त्यांतली काही एक दिवस कप्तान होतात.

माझा शाळेतला एक मित्र बारावीनंतर असाच गेला. मी कंप्युटरला गेलो. तो आता सेकंड ऑफिसर आहे, मी हिंजवडीत कोड लिहितो. मागच्या सुट्टीत त्याने कप्तान होण्याची वाट समजावून सांगितली: आधी कॅडेट, मग सेकंड मेटची परीक्षा, मग चीफ मेटची, मग मास्टरची, आणि प्रत्येक दोन परीक्षांच्या मध्ये ठरावीक महिने प्रत्यक्ष समुद्रावर. कायद्याच्या भाषेत कप्तान म्हणजे ‘मास्टर’. मी सहज विचारलं, पहिला भारतीय मास्टर कधी झाला असेल? त्याला माहीत नव्हतं. त्या प्रश्नामागे लागून मी बरंच वाचत गेलो. एक नाव शोधायला निघालो होतो, पण हाती आली ती एका बंद दाराची गोष्ट.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिश व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांच्या आसपास लोक आपल्या उपखंडातले होते. इंग्रज त्यांना ‘लास्कर’ म्हणत. आपल्याकडचे शब्द खलाशी, तांडेल, सारंग. भरतीचा नकाशा ठरलेला असे. मुंबईहून निघणाऱ्या बोटींच्या डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी आणि गुजरातचे खलाशी, भट्टीपाशी कोळसा ओढायला पंजाबकडचे, आणि जेवणघरात गोव्याचे. कलकत्त्याहून निघणाऱ्या बोटींवर सिल्हेट, नोआखाली, चितगावचे, म्हणजे आजच्या बांगलादेशातले. पिढ्यानपिढ्या समुद्रावर राहिलेली ही माणसं जास्तीत जास्त सारंग व्हायची. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. त्याच्या वर ऑफिसरांची केबिन सुरू व्हायची आणि तिथे गोरा माणूस असायचा. कप्तान तर गोराच.

कारण काय, तर भारतीयांकडे प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्र का नाही, तर त्याआधी जहाजावर उमेदवारी करावी लागते. उमेदवारी का नाही, तर कंपन्या भारतीयांना घेत नाहीत. आणि का घेत नाहीत? प्रमाणपत्र मिळवलेले भारतीय आहेतच कुठे! ‘फ्रेशर हवा, तीन वर्षांचा अनुभव आवश्यक’ ही जाहिरात ज्यांनी वाचली आहे त्यांना हे कोडं नवं नाही. फरक एवढाच, की तेव्हा त्यामागे एक साम्राज्य उभं होतं.

या कोड्याला पहिला धक्का दिला तो सोलापूरच्या माणसाने. वालचंद हिराचंद हे मूळचे रेल्वेचे कंत्राटदार. 1919 साली त्यांनी नरोत्तम मोरारजी वगैरेंना बरोबर घेऊन ग्वाल्हेरच्या महाराजांकडून ‘लॉयल्टी’ नावाची बोट विकत घेतली. ती मुळात 1891 ची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’, कॅनेडियन पॅसिफिकची प्रवासी बोट. युद्धात इस्पितळ-जहाज झाली होती. ग्वाल्हेरच्या शिंद्यांवरून कंपनीचं नाव ठेवलं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. 5 एप्रिल 1919 ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. आज तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. बोटीच्या नशिबात मात्र फार काही नव्हतं. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडली, आणि चारच वर्षांत, 1923 मध्ये, लॉयल्टी भंगारात गेली. त्याच वर्षी सिंदियाला एक करार करावा लागला: दहा वर्षं फक्त किनाऱ्याने माल न्यायचा, परदेशी मार्गांकडे फिरकायचं नाही. कंपनी जिवंत राहिली ती या बोलीवर.

हेच वालचंद आपल्या भोर घाटातही आहेत. पूर्वी खंडाळ्याच्या खाली गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि मग पुढची चढण सुरू व्हायची. 1929 मध्ये ते रिव्हर्सिंग स्टेशन बंद झालं, कारण नव्या मार्गावर बोगदे तयार झाले होते. त्या कामाचे कंत्राटदार वालचंद. लोणावळ्याहून मुंबईकडे जाताना मोबाइलची रेंज जाते ते ठिकाण, असं म्हटलं की माझ्या पिढीला पटकन कळेल.

बोट विकत घेता येते, पण कप्तान घडवावा लागतो. 1922 मध्ये पी. एस. शिवस्वामी अय्यर यांनी केंद्रीय विधिमंडळात भारतीय व्यापारी नौदलाचा ठराव मांडला. पुढच्या वर्षी कॅप्टन हेडलम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीने प्रशिक्षण-जहाजाची शिफारस केली आणि 1927 च्या अखेरीला ‘डफरिन’ सुरू झालं. डफरिन ही 1904 ची जुनी सैनिकवाहू बोट, माझगावसमोर नांगरून ठेवलेली. ती कुठे जाणार नव्हती. तिच्यावर पोरं दोर ओढायला, तारे वाचायला आणि ऑफिसरसारखं जेवायला शिकली. हा शेवटचा विषय मला आधी हास्यास्पद वाटला. पण सारंग आणि ऑफिसर यांच्यातली भिंत फक्त गणिताची नव्हती, हे लक्षात घेतलं की तो तसा वाटत नाही.

पहिल्याच तुकडीत रामदास कटारी नावाचा मुलगा होता. 1958 मध्ये तोच भारतीय नौदलाचा पहिला भारतीय प्रमुख झाला. डफरिनवरच शिकलेले चौधरी पाकिस्तानी नौदलाचे पहिले पाकिस्तानी सरसेनापती झाले. जहाज एकच, फाळणी नंतर. डफरिनची जागा 1972 मध्ये ‘राजेंद्र’ने घेतली, आणि 1993 मध्ये ‘चाणक्य’ सुरू झालं ते थेट जमिनीवर, नवी मुंबईत. जहाजाचं शिक्षण जमिनीवर आलं म्हटल्यावर मग ते मावळात चढायला काय हरकत? हल्ली तर अशा संस्थांच्या आवारातच खऱ्या यंत्रांसह जहाजाचा भाग उभारलेला असतो. पावसाळ्यात इंदोरीच्या भातखाचरांशेजारी जहाजाचं इंजिन धडधडतं, हे चित्र मला मनापासून आवडतं.

डफरिनने उघडलेल्या दारातून बरीच वर्षं फक्त मुलगे गेले. म्हणून मला सगळ्यांत जास्त रस वाटतो तो कॅप्टन राधिका मेनन यांच्यात. त्या केरळमधल्या कोडुंगल्लूरच्या, आणि नोकरी मुंबईत मुख्यालय असलेल्या शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियात. सुरुवात रेडिओ ऑफिसर म्हणून. नव्वदच्या दशकात उपग्रहावर चालणारी नवी संदेश-यंत्रणा आली, 1999 पासून ती सगळीकडे बंधनकारक झाली, आणि जहाजावरचं रेडिओ ऑफिसर हे पदच संपत गेलं. दोन-तीन वर्षांपासून आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर ज्या भीतीबद्दल बोललं जातं, ती इथे एका आख्ख्या पेशाच्या बाबतीत खरी ठरली होती. राधिका मेनन मात्र डेकच्या बाजूला वळल्या, एकेक परीक्षा देत गेल्या, 2010 मध्ये मास्टरचं प्रमाणपत्र मिळवलं आणि 2012 मध्ये ‘सुवर्ण स्वराज्य’ या तेलवाहू जहाजाचा ताबा घेतला. त्यानंतर नऊ वर्षांनी, मार्च 2021 मध्ये, कॉर्पोरेशनचंच ‘स्वर्ण कृष्णा’ जेएनपीटीहून निघालं तेव्हा त्यावरच्या सगळ्या ऑफिसर स्त्रिया होत्या आणि कप्तान होत्या सुनेहा गडपांडे.

जून 2015 मध्ये राधिका मेनन ‘संपूर्ण स्वराज्य’वर होत्या. 22 तारखेला ओडिशाच्या गोपाळपूरजवळ त्यांच्या सेकंड ऑफिसरला अडीच किलोमीटरवर एक मासेमारी होडी दिसली. ‘दुर्गाम्मा’. इंजिन बंद पडलेलं, नांगर तुटलेला, आठवडाभर ती वाहत होती. खाणंपिणं लाटांबरोबर गेलं होतं. सात माणसं माशांसाठी ठेवलेल्या बर्फावर तगून होती. लाटा पंचवीस फुटांच्या, वारा साठ नॉट्सचा. तेलाच्या टँकरसारखं अवजड जहाज अशा समुद्रात एवढ्याशा होडीजवळ न्यायचं म्हणजे ती त्याच्याच अंगावर आपटून फुटण्याचा धोका. दोनदा जमलं नाही. तिसऱ्या वेळी पायलट लॅडरवरून सातही जण वर आले. त्यांत सर्वांत लहान मुलगा पंधरा वर्षांचा होता. तिकडे त्यांच्या घरची माणसं त्यांच्या उत्तरक्रियेच्या तयारीला लागली होती.