भावनगर ते कोसबाड : अंगणवाडीची पूर्वपीठिका

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली तो साऱ्या बडोदा संस्थानास लागू केला, ही गोष्ट बडोद्यातील जुन्या मराठी घराण्यांत आजही अभिमानाने सांगितली जाते, आणि तो अभिमान रास्तच आहे. ब्रिटिश मुलखात ज्याची नुसती चर्चा चालली होती ते एका संस्थानिकाने करून दाखविले. मात्र त्या कायद्याचा आरंभ मुलाच्या सातव्या वर्षापासून होत असे. त्यापूर्वीची वर्षे घराची, आजीची आणि नशिबाची. यात महाराजांना दोष देण्याचे कारण नाही. लहान मुलाला शिकवायचे ते काय, हा प्रश्नच त्या काळी बहुतेकांना सुचत नव्हता.

ज्यांना तो सुचला त्यांच्यापैकी एक अमरेलीजवळच्याच चितळ गावी १८८५ साली जन्मले. गिरिजाशंकर भगवानजी बधेका, म्हणजेच गिजुभाई. पेशाने वकील. १९१३ साली मुलगा झाला, तेव्हा याला कोणत्या शाळेत घालावे या चिंतेने ते अस्वस्थ झाले. स्वतःच्या शाळेची आठवण काही सुखाची नव्हती. वसोचे मोतीभाई अमीन यांनी त्यांच्या हाती मोंतेसोरीबाईंच्या पद्धतीवरील पुस्तक ठेवले. हे मोतीभाई बडोदा संस्थानच्या ग्रंथालय चळवळीतले अग्रणी, तेव्हा या कथेत बडोद्याचा हात अगदीच नाही असे नव्हे. गिजुभाईंनी वकिली सोडली, १९१६ साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत नानाभाई भट्टांच्या सोबतीला गेले आणि १९२० साली तेथे बालमंदिर उघडले. भरघोस मिशांचा हा गृहस्थ मुलांत असा रमे की गुजरातने त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशाळ आई, असे नाव दिले.

मराठी वाचकाला या कथेत अधिक जवळचे वाटावे असे नाव ताराबाई मोडकांचे. मुंबईतील प्रार्थनासमाजी केळकर कुटुंबात १८९२ साली जन्म, १९१४ साली पदवी, पुढे अमरावतीचे सासर, संसाराचा भंग, आणि मग राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद. पगार, बंगला, मान असे सर्व काही तेथे होते. ते सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाईंकडे गेल्या, आणि जवळजवळ नऊ वर्षे गुजरातीतून लिहीत, शिकवीत राहिल्या. परमुलखात राहून तेथल्या भाषेत काम करणे म्हणजे काय, हे आपल्यासारख्यांना निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला; ‘शिक्षणपत्रिका’ प्रथम गुजरातीत आणि १९३३ पासून ताराबाईंच्या संपादनाखाली मराठीत निघू लागली. १९३६ साली दादरला शिशुविहार उभा राहिला.

येथपर्यंतची वाट सरळ होती. ताराबाईंना अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली. मोंतेसोरीबाईंनी आपले पहिले बालगृह १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत उघडले होते. हिंदुस्थानात मात्र तीच पद्धत शहरांतील सुखवस्तू घरांची होऊन बसली. लाकडी दट्ट्यांच्या पेट्या, गुलाबी मनोरा, खरखरीत अक्षरे, सारे महाग. ते घडविणारे कारागीर मोजके, ते हाताळू शकणाऱ्या शिक्षिका त्याहून मोजक्या. जे साधन गरिबाच्या मुलासाठी निर्माण झाले, ते त्याच्याच हाती पडेना.

१९४५ च्या डिसेंबरात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई बोर्डीला गेल्या. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाचे, गुजरातच्या सीमेला लागून असलेले हे समुद्रकाठचे गाव. पुण्याच्या हुजूरपागेतली नोकरी सोडून अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत वैधव्य, अशा आरंभातून वर आलेली ही बाई. दोघींनी गावात बालवाडी उघडली आणि लगेच ध्यानात आले की ज्यांच्यासाठी ती उघडली ती हरिजन वस्तीतील मुले तेथे येतच नाहीत. कोणी दटावून हाकलले नसेल कदाचित; पण न येण्याची कारणे गावातल्या प्रत्येकाला माहीत होती.

यावर दोन उपाय होते. मुलांना आणण्याचा प्रयत्न करीत राहायचे, किंवा शाळाच उचलून तेथे न्यायची. ताराबाईंनी दुसरा निवडला. वस्तीतल्या एखाद्या अंगणात, झाडाच्या सावलीत शिक्षिका जाऊन बसे. आधी मुलांची नखे, केस, आंघोळ. मग गाणी, गोष्टी, खेळ. साधने म्हणून समुद्रावरचे शंखशिंपले, खडे, चिंचोके, पाने, माती, बांबूचे तुकडे. लहानमोठे लावणे, मोजणे, रंग ओळखणे हे सर्व त्यांतून साधे. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. मुलांच्या पाठोपाठ आया दाराशी येऊन उभ्या राहत, आणि आपले मूल काय करू शकते हे डोळ्यांनी पाहत. माझ्या मते या पद्धतीतला सर्वांत मोलाचा भाग हाच होता. बंद खोलीतल्या शाळेला तो कधीच साधत नाही.

१९५७ साली हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेले. तेथे अडचण निराळी होती. सहासात वर्षांची मुलगी शाळेत येत नसे, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असे. आणि मुलगा येत नसे, कारण तो गुरांमागे असे. आळस किंवा अनास्था हे कारण नव्हते, मुले कामावर होती. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून त्याला विकासवाडी म्हटले. कडेवरचे मूल पाळणाघरात, मधले बालवाडीत, आणि मोठी मुलगी निर्धास्तपणे वर्गात. गुराख्यांसाठी शिक्षिकाच कुरणात जाई, ती कुरणशाळा. शासनाच्या नोकरीत मी अनेक योजनांचे मसुदे वाचले आहेत. गैरहजेरीच्या कारणापासून शाळेची रचना उभी केल्याचे याइतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे आढळले नाही.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली, आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले तेच, अंगणवाडी. योजनेत सेवा सहा : पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, माता-भगिनींना पोषण व आरोग्य शिक्षण, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. कुपोषणाने मुले दगावत असलेल्या देशात आहाराला अग्रक्रम मिळाला हे योग्यच झाले. पण हळूहळू त्या सहाव्या सेवेचा जीव आटत गेला. एका जिल्ह्यातील मासिक आढाव्याच्या बैठकी मला आठवतात. धान्याचे किलो, वजनांच्या नोंदी, लसींचे आकडे यांवर तासन् तास चर्चा होई. शिक्षणाच्या रकान्यात किती दिवस आणि किती मुले एवढेच लिहिलेले असे, आणि त्यावर कोणी प्रश्न विचारीत नसे. सेविका हुशार असत, पण दिवसाचा मोठा भाग नोंदवह्यांत जाई. गुजरातेत अंगणवाडीच्या मदतनीस बाईला ‘तेडागर’ म्हणतात, घरोघर जाऊन मुलांना घेऊन येणारी. शब्द फार गोड आहे. मुलांना आणावे तर लागतेच. आणल्यावर त्यांच्याशी बोलायला कोणाला तरी वेळही हवा.

येथे परदेशातील एका संशोधनाची आठवण होते, कारण त्यात नेमका हाच प्रश्न तपासला गेला. जमैका बेटावरील किंग्स्टन शहरात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. सॅली ग्रँथॅम-मॅक्ग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढ खुंटलेली १२९ मुले निवडली. वय नऊ ते चोवीस महिने. त्यांचे चार गट केले : एकाला पूरक आहार, दुसऱ्याला खेळ, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला यांतले काहीच नाही. खेळ म्हणजे आरोग्यसेविकेने आठवड्यातून एकदा, तासभर घरी जाऊन आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवायचे. खेळणी घरातल्या टाकाऊ वस्तूंची. हे दोन वर्षे चालले. दोन वर्षांअखेर आहार आणि खेळ या दोहोंचा लाभ दिसला, आणि ज्यांना दोन्ही मिळाले त्यांना सर्वाधिक. पण ती मुले किशोरवयात आली तेव्हा बुद्धीच्या चाचण्यांत आहाराचा लाभ पुसला गेला होता. खेळाचा टिकून होता. वीस वर्षांनंतर, खेळ मिळालेल्या मुलांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी अधिक आढळली. हे २०१४ साली प्रसिद्ध झाले.

याचा अर्थ आहार नको असा कोणी काढू नये. उपाशी मूल खेळत नाही, हे कोसबाडला कोणी सांगावे लागले नाही. परंतु टाकाऊ वस्तूंची खेळणी, घरापर्यंत जाणारी बाई आणि शेजारी बसलेली आई, या किंग्स्टनमध्ये मोजल्या गेलेल्या तिन्ही गोष्टी बोर्डीच्या अंगणात चाळीस वर्षे आधी होत्या. मोजल्या गेल्या नव्हत्या, एवढेच. ताराबाई-अनुताईंनी भरपूर लिहिले, शिक्षिका घडविल्या. पण शंभर मुलांचा वीस वर्षे पाठपुरावा करण्याइतके मनुष्यबळ आणि पैसा त्या टेकडीवर कोठून यावा? संख्या दाखविता येत नाही म्हणून सरकारी दप्तरात त्या अनुभवाचे वजन पडले नाही, असे मला वाटते.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा पायाभूत टप्पा म्हणून मान्य केला. बडोद्याच्या कायद्याने सातव्या वर्षी आखलेली रेघ अशी तिसऱ्या वर्षापर्यंत खाली आली, त्यास एकशे चौदा वर्षे लागली. २०२३ साली ‘पोषण भी, पढाई भी’ या नावाने अंगणवाडी सेविकांचे प्रशिक्षण सुरू झाले. अनुताई हे पाहायला नव्हत्या. १९९२ च्या सप्टेंबरात त्यांचे निधन झाले, तोवर त्या कोसबाडच्या टेकडीवरच कामात होत्या.