गोष्ट त्यांची, निर्णय आमचे



मालिका बघताना आपण सगळ्याच लेखकाशी भांडतो. "हिला दोन वर्षं सोसायला लावलं आणि शेवट एका भागात गुंडाळला, ही काय रीत झाली?" असं म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा टीव्हीपुढे बसतो. आज आम्ही अशाच एका भांडणाचा इतिहास सांगणार आहोत. हे भांडण मालिकेवरून नव्हतं, व्हिडिओ गेमवरून होतं. 2012 साली ते जगभर गाजलं.

तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायकांना गेमशी काय करायचंय? पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात, एवढीच आपली त्याच्याशी ओळख. पण हे भांडण खेळापुरतं नव्हतं. "निर्णय आम्हाला विचारून घेतलात, मग त्या निर्णयाचं पुढे काय झालं ते सांगा," अशी त्यातली मागणी होती. ही मागणी आपल्या बैठकीत रोजची आहे. म्हणून शेवटपर्यंत ऐका.

कॅनडा देशात एडमंटन नावाचं थंड हवेचं शहर आहे. तिथे 1995 साली काही तरुण डॉक्टरांनी मिळून बायोवेअर नावाची गेम बनवणारी कंपनी काढली. गोष्ट सांगणारे खेळ ही त्यांची खासियत. 2008 पासून ही कंपनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या मोठ्या अमेरिकन कंपनीच्या मालकीची झाली. बायोवेअरने 2007 साली 'मास इफेक्ट' या खेळाचा पहिला भाग आणला. दुसरा भाग 2010 च्या जानेवारीत आला आणि तिसरा 2012 च्या मार्चमध्ये. तीन भागांत मिळून एकच लांबलचक गोष्ट होती.

गोष्ट अंतराळातली आहे. शेपर्ड नावाचा एक लष्करी अधिकारी, त्याचं जहाज, जहाजावरची मंडळी. आकाशगंगेत माणसांसारख्या अनेक जमाती राहतात. दर पन्नास हजार वर्षांनी महाकाय यंत्रं येतात आणि पुढारलेल्या सगळ्या जमाती कापून नेतात. शेपर्डने सगळ्यांना एकत्र आणून त्यांना थोपवायचं.

आता यातली खरी गंमत ऐका. खेळणाऱ्याला पदोपदी विचारलं जायचं, तू काय करशील? पहिल्याच भागात दोन सोबती एकाच वेळी संकटात सापडतात आणि एकालाच वाचवता येतं. कुणाला वाचवायचं ते तुम्ही ठरवायचं. जो गेला तो दुसऱ्या भागातही नसतो आणि तिसऱ्यातही नसतो. पहिला भाग जिथे संपला तिथली नोंद दुसऱ्या भागात नेता यायची, दुसऱ्याची तिसऱ्यात. आपल्या गटाची ठराव वही असते ना, अगदी तसं. मागच्या पानावर जे लिहिलं ते पुढच्या पानावर पाळायचं.

एक उदाहरण आपल्या काळजाला भिडणारं आहे. या गोष्टीत क्रोगन नावाची एक लढाऊ जमात आहे. त्यांची संख्या वाढू नये म्हणून दुसऱ्या जमातींनी मुद्दाम एक रोग त्यांच्यात सोडलेला असतो. त्यामुळे क्रोगन बायकांची बहुतेक बाळं मेलेलीच जन्माला येतात, हजारात एखादंच जगतं. तिसऱ्या भागात या रोगावर इलाज सापडतो आणि एक क्रोगन बाई आपल्या जमातीच्या वतीने शेपर्डपुढे उभी राहते. इलाज खरोखर द्यायचा, की दिल्याचं नाटक करून त्यांना फसवायचं, हे खेळणाऱ्याच्या हातात. पहिल्या भागात तुम्ही क्रोगनांच्या पुढाऱ्याला जिवंत ठेवलंत की नाही, यावरही इथला प्रसंग बदलतो. पाच वर्षांपूर्वी घेतलेला निर्णय इथे हिशेबात धरला जातो. लोक या खेळात गुंतले ते यामुळे.

शेपर्ड पुरुष ठेवायचा की बाई, हेही खेळणारी व्यक्ती ठरवायची. बाई निवडली तर तिला जेनिफर हेल या अभिनेत्रीचा आवाज होता, आणि पहिल्या भागापासून ही बाई खेळात होती. पण पहिल्या दोन भागांच्या वेष्टनावर चेहरा पुरुषाचाच. 2011 साली कंपनीकडून सांगण्यात आलं की खेळणाऱ्यांपैकी साधारण 18 टक्के लोक बाई शेपर्ड निवडतात. आकडा लहान होता, पण ती माणसं गप्प बसणारी नव्हती. आमची शेपर्ड जाहिरातीत का दिसत नाही, असं ती विचारत राहिली. शेवटी त्याच वर्षी कंपनीने फेसबुकवर मतदान घेतलं की बाई शेपर्ड कशी दिसावी. आधी सोनेरी केसांची निवडून आली. त्यावर कुरबुर झाली, तेव्हा केसांच्या रंगासाठी पुन्हा मतदान झालं आणि लाल केसांची जिंकली. तिसऱ्या भागाच्या वेष्टनाचा कागद उलटा घातला की तिचा चेहरा पुढे यायचा. पूर्ण मान नव्हे, कागदाच्या मागच्या बाजूचा मान. तरी तो मागून मिळवलेला होता.

म्हणजे बघा, 2012 चा मार्च उजाडला तेव्हा या लोकांना वाटत होतं की गोष्टीत आपलाही वाटा आहे. त्यांना तसं सांगितलंही गेलं होतं. शेवट म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा यांतला एक पर्याय निवडा असा साधा नसेल, तुमचे निर्णय त्यात उमटतील, असं खेळ येण्याआधी मुलाखतीतून सांगितलं गेलं होतं.

प्रत्यक्षात काय झालं? शेवटच्या दहाएक मिनिटांत लहान मुलाच्या रूपात एक शक्ती शेपर्डला भेटते आणि तीन वाटा दाखवते. यंत्रांचा नाश कर, त्यांच्यावर ताबा मिळव, किंवा यंत्र आणि सजीव यांना एकजीव कर. कोणतीही वाट धरली तरी पडद्यावर जवळजवळ तेच चित्र, फक्त उजेडाचा रंग वेगळा. एकदा लाल, एकदा निळा, एकदा हिरवा. क्रोगन बायकांचं पुढे काय झालं? ज्या सोबत्यांना जिवापाड वाचवलं ते कुठे गेले? उत्तर नाही. खेळ संपला.

लोक खवळले. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. शेवट दुःखाचा आहे म्हणून त्यांतले बरेच जण रागावले नव्हते. शेपर्ड मेला तरी चालेल, असं म्हणणारे पुष्कळ होते. त्यांचं म्हणणं होतं की आम्ही पाच वर्षं एकेक निर्णय जपत आलो आणि शेवटच्या पानावर त्याचा हिशेबच नाही.

वाचक आणि लेखक यांचं असं भांडण काही नवं नाही. इंग्लंडमध्ये 1893 साली आर्थर कॉनन डॉयल यांनी आपल्या शेरलॉक होम्स या गुप्तहेराला एका गोष्टीत मारून टाकलं. वाचक इतके चिडले की अनेकांनी त्या मासिकाची वर्गणी बंद केली. दहा वर्षांनी, 1903 साली, डॉयल यांना होम्सला पुन्हा जिवंत करावं लागलं. आपल्याकडे तर बायकांनी लेखकाकडे अर्जही केला नाही. रामायण ऐकलं आणि सीतेच्या वनवासाचं दुःख आपल्या शब्दांत जात्यावरच्या ओव्यांत गायलं. तिची बाजू कुणी पुरती मांडली नसेल तर आपण मांडू, असा तो मामला. पण व्हिडिओ गेममध्ये एक फरक होता. इथे खेळणाऱ्याला गोष्टीत आधीच हाताला धरून आणलेलं होतं. बोलावलेल्या पाहुण्याला ताटावरून उठवलं तर तो बोलणारच.

आता त्यांनी भांडण कसं केलं ते ऐका, कारण शिकण्यासारखं त्यातच आहे.

काही लोकांनी पैसे गोळा करून कंपनीच्या एडमंटनच्या कार्यालयात सुमारे चारशे कपकेक पाठवले. कपकेक म्हणजे वाटीएवढे छोटे केक. काहींवर लाल साय, काहींवर निळी, काहींवर हिरवी. आत मात्र सगळ्यांची चव एकच. रंग तीन आणि चव एक! शिवी नाही, घोषणा नाही, आणि म्हणणं पोचलं. कंपनीने ते केक तरुण मुलांच्या एका निवाऱ्याला देऊन टाकले.

दुसऱ्या काही लोकांनी 'चाइल्ड्स प्ले' या संस्थेसाठी वर्गणी सुरू केली. ही संस्था रुग्णालयातल्या आजारी मुलांना खेळणी आणि गेम देते. आम्ही नुसते किरकिरे नाही, हे दाखवायचा त्यांचा हेतू होता. थोड्याच दिवसांत 80 हजार डॉलरहून जास्त रक्कम जमली. पण पुढे संस्थेनेच ही वर्गणी थांबवायला सांगितलं, कारण पैसे दिले की शेवट बदलून मिळेल असा काही लोकांचा समज होऊ लागला होता. चांगल्या कामाची वर्गणी आणि आपली मागणी एकाच पावतीवर लिहिली की असा घोळ होतो. हे आपल्या गटांनीही ध्यानात ठेवावं.

ब्रिटनमध्ये तक्रारी जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या मंडळापर्यंत गेल्या. तुमचे निर्णय शेवट घडवतील ही जाहिरात खोटी आहे, असं तक्रारदारांचं म्हणणं होतं. जूनमध्ये मंडळाने सांगितलं की जाहिरात दिशाभूल करणारी नाही. म्हणजे नियमाच्या तराजूत कंपनी सुटली. पण नियमात सुटणं वेगळं आणि माणसांच्या मनातून सुटणं वेगळं.

दुसरी बाजूही होती. लेखक म्हणजे काही ऑर्डर घेणारा हलवाई नाही, त्याने केलेला शेवट त्याचा आहे, लोकांच्या दबावाने तो बदलला तर उद्या कुणी धाडसाने लिहिणारच नाही, असं अनेक जाणकार म्हणत होते. हे म्हणणंही आम्हाला सोडून देण्यासारखं वाटत नाही.

आणि एक काळी बाजू. त्याच वर्षी फेब्रुवारीत, हा तिसरा भाग बाजारात येण्याआधीच, बायोवेअरमधल्या एका लेखिकेवर इंटरनेटवरून शिव्यांचा भडिमार झाला. लढाई टाळून फक्त गोष्ट पुढे नेता यावी, असं तिने कित्येक वर्षांपूर्वी एका मुलाखतीत म्हटलं होतं. तेवढ्यावरून लोक तुटून पडले. तिचं मुख्य काम कंपनीच्या दुसऱ्याच खेळावर होतं. तरी लोकांनी सगळं बिल तिच्या नावावर फाडलं. कंपनीत पुरुष लेखक कमी नव्हते, पण बोट बाईकडे. मैत्रिणींनो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. गावात रस्ता झाला नाही तर पुरुष सरपंचाच्या कामावर बोललं जातं आणि बाई सरपंच असेल तर तिच्या चालण्याबोलण्यावर. गोष्ट आवडली नाही हे सांगणं हक्क आहे. लिहिणारीच्या अंगावर जाणं हा हक्क नाही.

कंपनीने काय केलं? 21 मार्च 2012 रोजी संस्थापकांपैकी एक, डॉ. रे मुझिका यांनी जाहीर पत्र लिहिलं. आपल्या माणसांच्या कामाचा अभिमान आहे हे त्यांनी सांगितलं. लोकांचं म्हणणं ऐकलं आहे, प्रश्नांची उत्तरं देण्यावर काम चालू आहे, हेही सांगितलं. टीका ऐकू, पण नासधूस करणारी भाषा मान्य नाही, असंही बजावलं. मग 26 जून रोजी शेवटाची वाढीव आवृत्ती आली, तीही फुकट. त्यात तीन वाटा तशाच ठेवल्या होत्या. गोष्ट फिरवली नाही. पण कोणत्या निर्णयाने कुणाचं काय झालं, क्रोगनांचं काय झालं, सोबती कुठे गेले, हे दाखवलं. शिवाय चौथी वाट दिली. तिन्ही पर्याय नाकारायची मुभा. मात्र नाकारण्याची किंमतही दाखवली, त्यात लढाई हरावी लागते.

सगळे खूश झाले का? नाही. काहींना समाधान वाटलं, काही आजही नाराज आहेत. 2017 साली नवा नायक घेऊन चौथा खेळ आला, त्यावरही भरपूर टीका झाली. मग 2021 च्या मे महिन्यात पहिले तिन्ही भाग नव्याने झळकवून एकत्र आणले गेले. त्यात वाढीव शेवटच मूळ शेवट म्हणून ठेवलेला आहे. आणि मतदानातून घडलेली ती लाल केसांची शेपर्ड आता पहिल्या भागापासून निवडता येते.

आम्ही या इतिहासाकडे बचत गटाच्या नजरेने पाहतो, तेव्हा एक गोष्ट ठळक दिसते. लोकांना विचारलंच नसतं, तर त्यांनी शेवट मुकाट्याने मान्य केला असता, निदान एवढं मनाला लावून घेतलं नसतं. एकदा विचारलं की हिशेब द्यावा लागतो. ग्रामसभेत बायकांचे हात वर करून घेतात, सही-अंगठे होतात, आणि ठरलेल्या कामाचं पुढे काय झालं ते वर्षभर कुणी सांगत नाही. तेव्हा आपल्याला जो राग येतो, तो लाल, निळ्या, हिरव्या उजेडाकडे बघणाऱ्या त्या लोकांच्या रागाचा सख्खा भाऊ आहे. आपल्याच गटातही, कर्ज कुणाला द्यायचं हे दहाजणींना विचारून ठरवलं, तर परतफेडीचा हिशेबही दहाजणींपुढे वाचायचा. अध्यक्ष आणि सचिव यांनी आपसात उरकायचा नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीत एक करा. ठराव वहीची मागची सहा पानं उघडा आणि प्रत्येक ठरावापुढे त्याचं काय झालं ते लिहा. झालं असेल तर झालं, नसेल तर का नाही. कुणाला दोष देण्यासाठी नव्हे, वही पुरी होण्यासाठी. आणि घरी पोरगं किंवा पोरगी गेम खेळत असेल तर एकदा शेजारी बसून विचारा, यात गोष्ट काय आहे, आणि तू काय ठरवलंस?